माडीवरची मोठी सिस्टर

"चहा पीत न्हाय म्हणं ती."

"आँ? मग चार माणसांत बसती कशी?"

पिठाच्या गिरणीपुढच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या दोघी बोलत होत्या. एक आमच्या शेजारची गंगाक्का, दुसरी तिची नणंद. मी मागे गव्हाचा डबा घेऊन उभी होते. 'ती' म्हणजे आमच्या माडीवर भाड्यानं राहणारी मोठी सिस्टर. ती चहा पीत नाही, कॉफी पीत नाही आणि तरीही चार सोडा, चारशे माणसांत मजेत बसू शकते, ही सगळी माहिती त्या रांगेत फक्त माझ्याकडं होती. मी ती दिली नाही. डबा या हातातून त्या हातात घेतला. मी असंच करते.

पण आता लिहायलाच बसले आहे तर सांगून टाकते. एवढ्या ठाम बाईनं बेळगावच्या मातीत पाऊल ठेवल्याचं मला तरी माहीत नाही. आमच्याकडं ठाम माणसांना तोटा नाही. सीमेचा प्रश्न असो की बसमधली खिडकीची जागा, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मागं हटलेलो नाही. पण मोठी सिस्टर ठाम होती आणि वर गोड होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की समोरच्याची धडगत नसते.

ती अमेरिकेतल्या कुठल्याशा थंड भागातली, बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. वय बावीस, म्हणजे माझ्याहून वर्षानं लहान. उंची अशी की आमच्या माडीच्या जिन्यात तिला वाकूनच चढावं लागे. पहिले काही दिवस ती वाकायला विसरायची, मग वर 'ठक्' आणि पाठोपाठ खाली आईचं 'अगाई गं!' असे आवाज ओळीनं येत. ती मॉर्मन पंथाची मिशनरी. त्यांच्यात तरुण मुली दीड वर्ष घर सोडून, पाठवतील त्या देशात धर्माच्या कामाला जातात. पगार नाही, सिनेमा नाही, घरच्यांशी बोलणं आठवड्यातून एकदा. छातीवर काळी पाटी, पाटीवर नुसतं आडनाव. ते आडनाव आमच्या वडगावात कुणाच्याच जिभेवर बसलं नाही, म्हणून ती मोठी सिस्टर झाली आणि तिची जोडीदारीण धाकटी सिस्टर. मिशनऱ्यानं एकटं कुठं जायचं नाही, जोडीदाराच्या नजरेआड व्हायचं नाही, असा त्यांचा नियम. धाकटी आंध्रातली, बुटकी, कमी बोलणारी. मोठी ढांगा टाकत निघाली की ती मागून जवळजवळ पळत असे. एकदा आईनं मोठीला परसात कढीपत्त्याचं झाड दाखवायला नेलं, तर धाकटी हातातला भाकरीचा तुकडा तसाच घेऊन धावत आली. आप्पा, म्हणजे माझे वडील, ते बघून म्हणाले, "लग्नाला तीस वर्सं झाली, मी कधी एवढं ध्यान ठेवलं न्हाय."

"ते म्हाईत हाय मला," आई म्हणाली.

आमचं घर विणकरांच्या गल्लीत. खाली चार माग, मागांच्या आवाजात आम्ही, वर या दोघी. सकाळी साडेसहाच्या ठोक्याला दोघी उठत आणि अर्धा तास व्यायाम करत. मोठी उड्या मारायची. चौथ्या दिवशी छताचा गिलावा आप्पांच्या उप्पिटात पडला. आप्पांनी मला वर पाठवलं, "जा, इच्यार जा, वर म्हस बांधलीया काय म्हणावं." मी गेले. मोठीनं दार उघडलं, घामानं निथळत, लाल चेहऱ्यानं, इतक्या आनंदानं हसली की जणू ती मी येण्याचीच वाट बघत होती. मी गुड मॉर्निंग म्हटलं आणि परत आले.

"काय म्हणाली?" आप्पांनी विचारलं.

"केळं दिलं," मी म्हटलं.

त्यानंतर आप्पांनी पाट दोन हात सरकवून घेतला आणि गिलाव्याचा विषय मिटला. पण मी वर जाऊन आले, एवढ्यावरून दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली. आप्पा कौतुकानं सगळ्यांना सांगतात, "आमची पोरगी इंग्लिश मीडियमची हाय." त्यांना वाटतं त्यामुळं मला बोलता येतं. खरं म्हणजे त्यामुळं मला गप्प बसता येतं. शाळेत मराठी बोललं की दंड, घरी इंग्रजी बोललं की हसू. दोन्हीकडची सोय म्हणून मी न बोलणं पत्करलं. कुणी काही मागितलं की द्यायचं, कुणी कुठं बोलावलं की जायचं, नको असलं तर खाली बघायचं. तेवढ्यात जन्माची तेवीस वर्षं निभावून गेली होती.

मोठीपुढं ते निभेना. मी इंग्रजीत सुरुवात केली की ती हात जोडून म्हणायची, "मराठी, कृपा करून." रोज दुपारच्या जेवणाआधी दहा नवे शब्द पाठ करायचेच, असा तिचा पण होता. माडीवर भिंत, दार, बादली, सगळ्यावर कागद चिकटवलेले. गल्लीतल्या मांजरालाही ती 'तुम्ही' म्हणायची. मंडईत भाजीवालीनं कन्नडमधून भाव सांगितला की तिचा चेहरा क्षणभर पडायचा, मग खिशातून वही निघायची आणि तो शब्दही लिहिला जायचा. सांबऱ्याच्या बसमध्ये तिनं कंडक्टरला मुलंबाळं किती, शेती किती, पाठीचं दुखणं आता कसं आहे, असं इतकं चौकशीनं विचारलं की तो आमची तिकिटं फाडायला विसरला आणि मोठीनंच त्याला आठवण करून दिली.

घरोघरी जाऊन दारं वाजवायची नाहीत, कुणी बोलावलं तरच जायचं, असा त्यांचा इथला नियम होता. बोलावणाऱ्यांना बेळगावात तोटा नाही. गोरी, उंच, मराठी बोलणारी बाई म्हटल्यावर शहापूर-वडगावात रांग लागली. आणि प्रत्येक घरी, पाण्याच्या तांब्यापाठोपाठ, चहा. मोठीला चहा वर्ज्य. गंगाक्काच्या घरी पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं कपावर आपला तो भलाथोरला पंजा ठेवला आणि स्वच्छ शब्दांत 'मी चहा घेत नाही' असं सांगितलं. गंगाक्का त्या दिवसापासून चार दिवस आमच्या आईशी बोलली नाही. जशी काही आईनंच चहा नाकारला होता.

म्हणून मी तिला नाही कसं म्हणायचं ते शिकवावं, असं ठरलं. मी! रोज सकाळी आठ वाजता दोघी खाली यायच्या. मी गंगाक्का व्हायचं, चहाचा आग्रह करायचा आणि मोठीनं तो कुणाचं मन न दुखवता मोडायचा. मी तिला आमची सगळी हत्यारं दिली. 'आत्ताच झाला.' 'पित्त होतं हो.' 'आज उपास आहे.' 'पुढच्या वेळी नक्की.'

"पण आत्ताच झाला नाही," मोठी म्हणाली.

"असं म्हणतात."

"ते खोटं आहे."

"खोटं नाही. पद्धत आहे."

ती विचारात पडली. वहीत लिहिलं आणि त्यावर काट मारली. खोटं बोलायचं नाही, मन दुखवायचं नाही आणि चहा प्यायचा नाही, या तिन्ही गोष्टी एकदम सांभाळणारं वाक्य आमच्या भाषेत सापडेपर्यंत ती थांबणार नव्हती. पंधरा दिवस मी गंगाक्का झाले. आग्रह करून करून माझ्या घशाला कोरड पडायची, मग आई मला चहा द्यायची आणि मोठी तो मला पिताना मायेनं बघायची. शेवटी तिनं तोड काढलीच. चहा नको, त्याबदली काम द्या! पाहुणी बाई घरात येऊन केरसुणी मागते, याहून मोठा अपमान गंगाक्काच्या कल्पनेत नव्हता. दोघींची केरसुणीवरून ओढाओढ झाली, ती गल्लीतल्या पोरांनी खिडकीतून बघितली. पण दुसऱ्या दिवशी मोठी पुन्हा गेली आणि सरळ चरख्यापाशी जाऊन बसली. मागावर लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचं काम आमच्यात येता-जाता कुणीही करतं, त्याला कुणी काम म्हणत नाही. पहिल्या दिवशी मोठीनं इतका धागा तोडला की गंगाक्काचा राग जाऊन तिला कीव आली. महिन्याभरात मोठी बरी कांडी भरायला लागली आणि सगळ्या गल्लीत चहाऐवजी तिच्यापुढं चरखा सरकवू लागले.

तिचा मोठा दोष एकच. आमचं बोलणं ती खरं मानायची. बेळगावच्या बसस्टँडवर एका म्हातारीनं गाठोडं बसमध्ये चढवून दिल्याबद्दल तिला म्हटलं, "या की आमच्याकडं जांबोटीला एकदा." असं आपण कुणालाही म्हणतो. मोठीनं विचारलं, कधी? म्हातारी म्हणाली, "या की, गुरुवारी या." वहीत नोंद झाली. गुरुवारी आम्ही तिघी निघालो. बसनं फाट्यावर सोडलं, पुढं तासभर चालायचं, वरून पाऊस, पायाला जळवा. धाकटी तेलुगूत देवाचा धावा करत होती. मी दोनदा म्हटलं की म्हातारीनं सहज म्हटलं असेल. मोठी पायाची जळू काढत म्हणाली, "ती वाट बघत असेल."

म्हातारी वाट बघत नव्हती. दारात आम्हाला बघून तिनं डोळ्यांवर हात धरला. "कोण गं तुम्ही?"

"तुम्ही बोलावलं होतं," मोठी म्हणाली.

म्हातारीनं तिच्या भिजलेल्या पाटीकडं, चिखलानं भरलेल्या घोट्यांकडं बघितलं. मग म्हणाली, "बोलावलं व्हतं व्हय मी? मग या की, बाहेर का उभ्या?" तिचा लेक उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, आठवड्यानं यायचा. तिचा हात मुरगळला होता आणि गोठ्यात म्हैस धार न काढल्यानं तुंबली होती. मोठीनं बाह्या वर सारल्या. घरी आमच्या गाई आहेत, म्हणाली. म्हशीनं पहिल्यांदा लाथेनं चरवी उडवली, कारण म्हशीला गाईची बरोबरी खपत नाही. दुसऱ्यांदा मोठी तिच्याशी मराठीत बोलली. पाऊण चरवी दूध निघालं. त्या दिवशी तिनं धर्माचा शब्दसुद्धा काढला नाही. म्हातारीनं निघताना तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "तू चुकून तिकडं जन्मलीस गं बाई." परतताना मोठी मला शांतपणे म्हणाली, "बघा, तिने बोलावलं होतं."

असल्या बाईनं मला रविवारी त्यांच्या सभेला बोलावलं. मला जायचं नव्हतं, म्हणून मी गेले. टिळकवाडीत एका दुकानावरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, विसेक माणसं, रडणारी दोन पोरं आणि मोठीचं खड्या आवाजातलं गाणं. मला तिथं वाईट वाटलं नाही. पण मला कुठला नवा देव नको होता. घरात आहेत तेवढ्यांशीच माझं बोलणं कमी. मी पुढच्या रविवारी गेले, त्याच्या पुढच्याही. चौथ्या रविवारी जिन्यात तिनं मला थांबवलं आणि विचारलं, मी बाप्तिस्मा घेईन का? अगदी सरळ, डोळ्यांत बघून. मी खाली बघितलं.

यात आईचाही हात आहे. आदल्याच आठवड्यात चरख्यापाशी बसून आईनं तिला आपल्या लग्नाची गोष्ट सांगितली होती. निपाणीला मामाच्या घरी आप्पा बघायला आले, पसंत आहे का म्हणून मामांनी विचारलं आणि आईनं मान खाली घातली. "आमच्यात पोरी तोंडानं व्हय म्हणत न्हाईत गं. मान खाली घातली की समजायचं." मोठीनं ते लिहून घेतलेलं मी बघितलं होतं. तेव्हा मला हसू आलं होतं.

जिन्यात तिचे डोळे भरून आले. तिनं माझे दोन्ही हात धरले. मी हो म्हटलं नव्हतं. नाही म्हटलं नव्हतं, एवढंच.

मग गाडी चालूच झाली. बाप्तिस्मा म्हणजे पांढऱ्या कपड्यांत पूर्ण पाण्यात बुडी. मोठीनं आईकडं पांढरं कापड मागितलं. "कोरं पांढरं? कशाला गं?" आईनं विचारलं. "चांगल्या दिवसासाठी," मोठी म्हणाली. "चांगल्या दिवसाला पांढरं! तुमच्यात काय एकेक," असं म्हणत आईनं ओळखीच्या मागावरून चार मीटर आणून दिलं. आईला वाटलं तिच्यासाठीच असेल. त्या दुपारी मोठीनं येता-जाता माझ्या खांद्यांवर वीत टाकून माप घेतलं. घरच्यांना सांगितल्याशिवाय काही करायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून सोमवारी ती स्वतः आप्पांशी बोलणार होती. सोमवारी ती तिकडं आपल्या आईलाही पत्र लिहायची. चौदा महिन्यांत तिला कुणीच हो म्हटलं नव्हतं. बेळगावात नाही, त्याआधी जिथं होती तिथंही नाही. हे तिनं मला एकदा सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, पावसापाण्याची गोष्ट सांगावी तसं.

आता माझ्या मनातलं सांगते, कारण ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. मला आप्पांची भीती नव्हती. ते गप्प झाले असते, दोन दिवस जेवले नसते, इतकंच. मला भीती तिच्या वहीची होती. त्या वहीत नावं असत. ज्यांनी तिच्या धर्माला स्पष्ट नकार दिला त्यांच्या नावावर पट्टीनं एक सरळ रेघ. गंगाक्काच्या नावावर रेघ होती. मोठी तिला रस्त्यात हात करायची, जाता-येता कांडीही भरायची, पण ठरवून दिलेली सकाळची वेळ आता तिची नव्हती. आठची वेळ माझी होती. माझ्याशी रोज ठरलेल्या वेळी येऊन बोलणारं, माझ्या उत्तरासाठी थांबणारं दुसरं माणूस मला मिळालेलं नव्हतं. मी तिची मैत्रीण होते की वहीतलं नाव, हे नाही म्हटल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि म्हणूनच मला नाही म्हणायचं नव्हतं.

ती जाऊन आता वर्ष होत आलं. माडीवर एक इंजिनिअर राहतो. तो साडेसहाला उठत नाही. भिंतीवरचे कागद त्यानं काढून टाकले, 'खिडकी' तेवढी राहिली आहे. मोठीचं पत्र येतं, मराठीत, प्रत्येकाला 'तुम्ही' असलेलं. तिकडं ती बटाट्याच्या हंगामात असते. पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण त्या सोमवारी तिच्यासोबत गच्चीवर उभी होते तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी आठ वाजता ती खाली आली. बुधवारीही आली. जाईपर्यंतचे चार महिने, रविवार सोडून, एक दिवस चुकवला नाही. पांढऱ्या कापडाचे तिनं आईला उशांचे अभ्रे शिवून दिले. वहीत माझ्या नावावर रेघ मारली की नाही, मी बघितलं नाही.

सोमवार त्यांचा धुण्याचा. सोमवारी पाटी नसायची. मोठी घरच्या कपड्यांत, ओल्या केसांनी, गच्चीवर चादरी पिळत होती. पिळायची म्हणजे चादरीचा जीव जायचा. धाकटी कोपऱ्यात बसून शेंगा फोडत होती, नजर आमच्यावर. मी चिमट्यांची परडी धरून उभी. मोठी गात होती. मधेच थांबून म्हणाली, "आज मी आईला लिहिणार. तिला तुमचं नाव माहीत आहे. ती रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते." मी परडीत चिमटे मोजू लागले. खाली चार माग धडधडत होते, त्या आवाजात मी काही पुटपुटले असते तरी कुणाला कळलं नसतं. दीडला आप्पा जेवायला माग बंद करतात. ती त्याचीच वाट बघत होती.

माग बंद झाले. एक, दोन, तीन, चार. गल्लीतसुद्धा कुठं आवाज नाही. मोठीनं हात पुसले, केस मागं बांधले, माझ्याकडं बघून हसली आणि जिन्याकडं निघाली. पहिल्या पायरीवर तिनं पाय ठेवला. धाकटी शेंग हातात धरून उठली. मी मोठीच्या पाठीकडं बघत होते. तिच्याशी मी आजवर पुस्तकातलं मराठी बोलत आले होते, नाहीतर शाळेतलं इंग्रजी. त्या वेळी यातलं काहीच आठवलं नाही. घरात बोलतो तेच तोंडातून आलं, आणि इतक्या मोठ्यानं की खाली आप्पांनी "काय गं?" म्हणून विचारलं.

"सिस्टर, थांबा. आप्पांस्नी काय इच्यारू नका. मला न्हाय घ्यायचा बाप्तिस्मा. आज न्हाय आन् मागनं बी न्हाय. पण उद्या सकाळी या. तुमच्याबिगर मला करमत न्हाय."